येलचीचा काढा

४ जाने., रवि.
मायला घरी आणलं. ऑटोतून उतरवायला नसीमआपा आल्या, शेजारच्या. मी एसटी डेपोत ड्युटीवर असताना मायजवळ त्याच बसणार, तसं त्यांनी मी न विचारताच ठरवून टाकलंय. लकव्याने उजवा हात गेला तो गेलाच, तोंड थोडं सावरलंय.

डॉ. म्हणाले, तोंडाने जाईल तेवढं जाऊ द्या, काय काय गेलं ते लिहून ठेवा. १६ तारखेला दाखवा. तोवर खाणंपिणं वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हे सगळं मायच्या समोर. काकांना नळी लावली होती तेव्हा त्यांना बघून घरी आली आणि मला म्हणाली होती, "मिलिंदा, मला आसलं करू नको बाबा. तोंड आसताना नाकानं कशाला जेवायचं?" तेव्हा मी हसलो होतो. आज दवाखान्यात तेच आठवलं.

दुसरी भानगड भाषेची. दवाखान्यात बोलायला लागली ती कानडीच. डॉ. म्हणाले, होतं असं, कधी कधी लहानपणची भाषा आधी परत येते. लग्न होऊन आमच्या गावी, देवणीत आल्यापासून ही बाई मराठीच बोलत आलीय. मावशी यायची तेव्हा दोघी स्वयंपाकघरात कानडीत कुजबुजायच्या, आजीला, म्हणजे मायच्या सासूला, ऐकू जाऊ नये म्हणून, कारण आजी चिडवायची. मला त्यातलं काही येत नाही. बहिणीलाही नाही, आणि ती पुण्यात.

माझी बायको सुनीता संध्याकाळच्या गाडीने नांदेडला गेली. तिथल्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, रजा संपली. जाताना दहादा सांगितलं, बसवून भरवा, चमच्याने भरवा, घाई करू नका.

गेलं पोटात: भाताची पेज, चार चमचे.

५ जाने., सोम.
डेपोतून आलो तर आपा दारातच. "मिलिंदभाई, अम्मा सुबु से बिशी बिशी कर रई. भिशी का पैसा बाकी है क्या किसी के पास?"

मायजवळ गेलो. खरंच. "बिशी बेकु. बिशी बेकु." डोळ्यांत पाणी. मला वाटलं, बाईचा जीव भिशीत अडकलाय. कॉलनीतल्या बायकांची भिशी आहे, माय त्यात होती. आपा लगेच गेल्या विचारायला. परिणाम असा की भिशी चालवणाऱ्या खंदारे काकू तणतणत घरी. "आम्मांची भिशी दिवाळीतच उचलून झाली. मी काय बुडवली का कुणाची? एवढी वर्षं झाली, कुणी नाव ठेवलं न्हाई." त्यांना चहा पाजून शांत केलं. माय त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हणाली, बिशी बेकु. काकू हात जोडून निघाल्या.

६ जाने., मंगळ.
बीदरच्या गाडीचा कंडक्टर कल्लप्पा दुपारी केबिनमध्ये नोंद करायला आला, त्याला विचारलं. तो टेबलावर हात आपटून हसला. "भिशी न्हाई ओ साहेब! बिसी. बिसी म्हंजे गरम. बेकु म्हंजे पायजे. आम्मा गरम मागून राहिल्या काहीतरी."

माइकवर मी दिवसभर बोलतो. उदगीर, निलंगा, देगलूर, नांदेड, कुठली गाडी कुठल्या फलाटाला ते सगळ्या स्टँडला कळतं. घरात एक बाई दोन शब्द बोलते आणि मी भिशी चालवणारीला बोलावतो.

घरी गेल्या गेल्या गरम पाणी. तोंड फिरवलं. गरम दूध. तेच. चहाचा एक चमचा घेतला आणि बाजूने सोडून दिला. मग स्पष्ट म्हणाली, "येलची."

बास. कळलं. वेलची.

७ जाने., बुध.
वेलची घालून दूध. नाही. वेलची घालून चहा. नाही. दुधात बोट बुडवून तिच्या ओठाला लावलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गल्लीतला कुणी येडा आहे आणि घरात घुसलोय.

"येलची हण्णु," म्हणाली. आणि "कषाय." मला ऐकू आलं "कसाय?" मी म्हणालो, "बरंय माय, तू कशी हायेस?" डोळे मिटून घेतले.

थंडी भलतीच आहे. गच्चीवरून वारा सरळ खिडकीत येतो. दोन गोधड्या घातल्या तरी तिचे पाय गार. तळवे चोळत बसतो.

गेलं पोटात: पेज थोडी. वरणाचं पाणी तीन चमचे.

८ जाने., गुरु.
कल्लप्पाला गाडीत चढता चढता गाठलं, मागची गाडी हॉर्न वाजवून राहिली. "येलची? येलक्की म्हणत आसतील. येलदोडाच तो. हण्णु म्हंजे फळ. आन कषाय म्हंजे काढा."

म्हणजे झालं. वेलची, फळ, काढा, गरम. थंडीत फळांचा गरम काढा, वेलची घातलेला. तिच्या माहेरी करत असतील. सोपं आहे. फळ कुठलं, एवढंच राहिलं.

९ जाने., शुक्र.
सफरचंद किसून पाण्यात शिजवलं. गूळ, दालचिनी, वेलची चार. मला तर चांगलं लागलं. आपांनाही दिलं, त्या म्हणाल्या बढिया. मायने पहिला चमचा तोंडात धरला. मग तो तसाच हनुवटीवरून खाली.

दुपारी जांब, म्हणजे पेरू. पिकलेला, बिया गाळून, सुंठ, वेलची. वास घेतला, थोडी खुलल्यासारखी वाटली. घेतलं नाही.

संत्र्याचा रस गरम केला तर कडू झाला. तो मीच प्यालो, शिक्षा म्हणून.

१० जाने., शनि.
डाळिंब. आवळा. आवळ्याचा काढा करताना पातेलं लागलं, घरभर धूर, माय खोकली. आपांचं म्हणणं, "इलायची कम पड रई होंगी. अम्मा इलायचीच मांग रई ना? डालो ज्यादा." मुठीने घातली. घराला मिठाईच्या दुकानासारखा वास येतोय. मायने नाक मुरडलं, डाव्या हाताने वाटी ढकलली. गादीवर सांडलं. चादर बदलताना ती रडत होती आणि मी तिच्याकडे न बघता चादर ओढत होतो.

तिला एक साधी गोष्ट पाहिजे. ती रोज मला सांगते. मी रोज दुसरंच काहीतरी करून नेतो.

११ जाने., रवि.
सु. आली, वीकली ऑफ. आल्या आल्या माझी लिखापढी वाचली. "हे काय? संत्रं, डाळिंब, आवळा? तुम्ही आईंना जेवू घालताय का रसवंती काढलीय?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेते, हा तिचा गुण. मग तिने तिचं सांगितलं. गिळायचे स्नायू ढिले पडलेत, पाण्यासारखं पातळ द्यायचंच नाही. पातळ असतं ते चुकीच्या नळीत, फुप्फुसात उतरतं. घट्ट करून, हनुवटी छातीला टेकवून, अर्धा अर्धा चमचा. "वाटी तोंडाला लावायची न्हाई. कितीही मागितलं तरी. कळलं का?" कळलं म्हणालो.

तिच्या हातून मायने नाचणीची आंबील अर्धी वाटी घेतली. सु.चा हात हलका आहे. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला, का कोण जाणे.

संध्याकाळी ती गेली. माय पुन्हा, बिसी बेकु.

१३ मंगळ.
काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही पोटात गेलंच नव्हतं.

आज ओरडलो तिच्यावर. सकाळपासून तीनदा तोंड फिरवलं, ड्युटीला उशीर होत होता, दोन गाड्या बंद पडल्याचा फोन आलेला. "मराठीत सांग ना माय! एवढी वर्षं बोललीस ना! मराठीत सांग!"

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलवले, पुन्हा हलवले. कपाळावर आठ्या. मग अगदी नीट, देवणीत बोलायची तशी म्हणाली, "येईना रे."

एवढंच मराठी. इतक्या दिवसांत पहिलं. मी तिथेच खाली बसलो, तिच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकवून. डाव्या हाताने ती माझे केस कुरवाळत होती. डेपोत फोन करून सांगितलं, आज जमत नाही.

गेलं पोटात: काही नाही धड.

१४ जाने., बुध., संक्रांत
स्टँडवर गर्दी. बायकांच्या पिशव्यांत ऊस, हरभऱ्याचे डहाळे, बोरं. केबिनमध्ये कुणीतरी तिळगूळ आणि परातभर बोरं ठेवली होती, सगळे येता-जाता खात होते, मीही खाल्ली.

दुपारी मावशीचा व्हिडिओ कॉल. बीदरजवळच्या खेड्यात असते, ऐकायला कमी येतं, फोनवर नुसतं "आं? आं?" चालतं. म्हणून इतके दिवस काही विचारता आलं नव्हतं. आज तिची सून माहेराहून परत आली, तिने फोन धरला आणि माझं म्हणणं मावशीच्या कानात ओरडून सांगितलं. येलची हण्णु कषाय. मी म्हणालो, कुठल्या फळात घालायची वेलची, एवढं विचार.

मावशी हसायला लागली. दात नाहीत, सगळा फोन हलायला लागला.

"आरे येड्या, येलची म्हंजे बोर! बोराचा काढा मागती ती!"

मला खरंच वाटेना. म्हटलं, कल्लप्पा तर येलदोडा म्हणाला. मावशी म्हणाली, "त्याला काय म्हाईत? हिकडं बारी म्हणत्यात. येलची आमच्या अव्वाचा शब्द. आमची आई लांबची, तुमकूरकडली. गावातले हसायचे तिला. थंडीत ताप आला की हेच पाजायची आमाला. वाळलेली बोरं, गूळ, सुंठ, मिरे. तुझी माय तर भांडं चाटायची."

म्हणजे मायची आई बीदरला हसण्यावारी गेली, माय देवणीला. आणि मी इथे वेलची कुटतोय, तोंडात बोराची बी धरून.

कल्लप्पाला सांगितलं तर बिचारा खजील. म्हणाला, "लई लांबची कानडी हाय साहेब ती. आमाला न्हाई येत."

आता वाळलेली बोरं कुठून आणू? बाजारात सगळी ती लिंबाएवढी हिरवी बोरं, खायला पाणचट. गावरान पाहिजेत, तीही सुरकुतलेली. देवणीच्या वहिनीला फोन केला. गच्चीवर वाळत टाकलीयेत म्हणाली. उद्याच्या गाडीने पाठवते.

१५ जाने., गुरु.
देवणीच्या कंडक्टरने पिशवी केबिनच्या खिडकीतून दिली. फडक्यात बांधलेली, लालसर, सुकलेली. तासभर नुसता वास घेत होतो. साहेब म्हणाले, काय रे, एवढं काय आहे त्यात. सांगत बसलो नाही. सुट्टी मागून दुपारीच निघालो.

मूठभर बोरं कोमट पाण्यात. मऊ झाल्यावर हाताने चुरून बिया काढल्या. गूळ, सुंठ, मिरे, दोन लवंगा. मंद आचेवर. रंग विटकरी होत गेला. वेलचीचा डबा वरच्या फळीवर टाकून दिला, दिसायलाच नको.

वाटी घेऊन खोलीत गेलो आणि मी काही बोलायच्या आत माय उठायला लागली. वासानेच. एका हाताने पलंग धरून. आपा म्हणाल्या, "या अल्ला."

पहिला चमचा. तोंडात घोळवला. गिळला. गिळला! मग म्हणाली, "सप्पे."

पुन्हा मावशीच्या सुनेला फोन. सप्पे म्हणजे अळणी. मीठ राहिलं होतं! मायने माझ्या काढ्यात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो, मीठ घालता घालता.

मीठ घातलं. मग काय विचारता. चमचा, चमचा, चमचा. "इन्नु," म्हणते, म्हणजे आणखी. चमचा तिला पुरेना. डाव्या हाताने वाटीच धरली, तोंडाला लावली. मी काढून घ्यायला हवी होती. सु.ने सांगितलं होतं. घट्टही केलं नव्हतं, घट्ट केलं तर चव जाईल वाटलं. पण ती पीत होती, डोळे मिटून, घट् घट्, आणि मी नुसता बघत राहिलो. शेवटी थोडी खोकली. पाठीवरून हात फिरवला. थांबली.

मग खूप बोलली. कानडीत, मोठमोठी वाक्यं, मध्येच हसून. माझ्या गालाला हात लावून. एक शब्द कळला नाही. मी हाव, हाव म्हणत होतो.

गेलं पोटात: बोरांचा काढा, वाटीभर. संपूर्ण वाटीभर!

उद्या डॉ.ना सांगणार, नळी नको.

१६ जाने., शुक्र.
दवाखान्यात, बाकावर बसून.

सकाळी लवकर उठून आधी काढा केला, थर्मासमध्ये भरला. डॉ.समोरच पाजून दाखवणार होतो. मग तिला उठवायला गेलो तर अंग तापलेलं. छातीत खरखर. श्वास वरवर. आपांनी हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

सु. आजच्यासाठी रजा टाकून पहिल्या गाडीने आलीच होती. दारात चपला काढता काढताच तिला खरखर ऐकू आली. "काय पाजलं?" सांगितलं. "कसं?" तेही सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. खाली बघून म्हणाली, "चला. ऑटो बोलवा."

ऑटोत माय मध्ये, दोन्हीकडून आम्ही. थर्मास का घेतला होता मलाच माहीत नाही, सवयीने उचलला असेल. तो माझ्या मांडीवर. वारा गार होता, मायला शालीत गुंडाळलेलं, नुसते डोळे दिसत होते. थर्मासकडे बघत होती.

"बिसी बेकु."

मी थर्मासचं झाकण दाबून धरलं.

"येलची. कोडु."

कोडु म्हणजे दे. काल मावशीच्या सुनेने सांगितलं होतं. आज सगळं कळलं. गरम पाहिजे, बोराचा काढा, दे. एकाही शब्दाला अडलो नाही. सु. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक थेंब न्हाई. छातीत उतरलंय. एक थेंबसुद्धा न्हाई." तिचेही डोळे भरले होते.

मायने शालीतून हात बाहेर काढून थर्मासवर ठेवला. "कोडु," पुन्हा. रागावून नाही. लहान मूल मागतं तसं, मिळणारच आहे अशा खात्रीने. दहा दिवस मला कळत नव्हतं तेव्हाही इतका वाईट झालो नव्हतो मी.

कल्लप्पाला फोन लावला. गाडी चालू होती, ओरडून विचारलं, कानडीत उद्याला काय म्हणतात? "नाळे," म्हणाला. "काय झालं साहेब?" फोन ठेवला.

तिचा हात थर्मासवरून उचलून हातात घेतला. "नाळे, अव्वा. नाळे."

अव्वा कधी म्हणालो नव्हतो तिला. तिने माझ्याकडे बघितलं. "नाळे?" मी मान हलवली. मग तिने हात शालीत घेतला आणि डोळे मिटले. विश्वास ठेवला तिने.

आता तिला आत घेतलंय. ऑक्सिजन लावलाय. डॉ. येऊन सांगून गेले, न्यूमोनिया आहे, तोंडाने आता काहीच नाही, नळी घालू या, बरी झाली की काढू. सु. म्हणते घालू द्या. काढता येते, तिने बघितलंय. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. काय म्हणू? तोंड असताना नाकाने कशाला, हे तिने सांगितलेलं मला अगदी मराठीत ऐकू येतंय.

दार अर्धवट उघडं आहे. नर्स ट्रे घेऊन आत गेली. माय तिला विचारतेय, आवाज बारीक झालाय पण मला ओळखू येतो.

"नाळे?"

"हो आजी, नळीच," नर्स म्हणाली. "दुखत न्हाई. पटकन होतं."

माय पुन्हा विचारतेय. नर्स पुन्हा तेच सांगतेय. मला उठून आत जायला हवं.